डिस्क गप्प का बसते? हँग होण्याचा थोडा इतिहास

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं हार्ड डिस्कशी काय काम? काम आहे, आणि ते आपल्या रोजच्या मराठीतच सापडतं. आपण म्हणतो 'हार्ड डिस्क उडाली', आणि आपण म्हणतो 'कॉम्प्युटर हँग झाला'. पहिल्या वाक्यात निर्णय आहे, वस्तू गेली. दुसऱ्या वाक्यात निर्णय नाही. पडद्यावरचा बाण हलत नाही, डिस्कचा लाल दिवा लागला आहे तो लागलेलाच आहे, आणि आपण वाट बघतो. ती काम करते आहे का? अडकली आहे का? मेली आहे का? बाहेरून तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात. या दुसऱ्या वाक्यातून पहिल्या वाक्यापर्यंत माणूस कधी आणि कोणत्या पुराव्यावर जातो, त्याचा हा इतिहास आहे. तो महत्त्वाचा का, तर घाईने पहिल्या वाक्यावर गेलेल्या लोकांनी आपले फोटो, हिशेब, प्रबंध धडधाकट डिस्कसकट भंगारात घातले आहेत.

मीमांसकांमध्ये कुमारिल भट्टांच्या परंपरेने 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घडा नाही हे मला कशामुळे कळतं? तो दिसत नाही यामुळे. नैयायिकांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं नाही, तो वाद आज बाजूला ठेवू. पण एका अटीवर बऱ्याच जणांचं एकमत होतं: नुसतं न दिसणं पुरेसं नाही, घडा असता तर दिसला असता अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसत नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. आता घड्याच्या जागी डिस्कचं उत्तर ठेवा. उत्तर आलं नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. 'एव्हाना यायलाच हवं होतं' हे आधी माहीत पाहिजे. संगणकशास्त्रात ज्याला टाइमआउट म्हणतात तो म्हणजे ही 'एव्हाना'ची रेघ. ती कुठे मारायची, यावर सगळं अडतं.

सुरुवातीला ही रेघ मारणं सोपं होतं. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक हे यंत्र बाजारात आणलं. त्याच्या डिस्क-कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, मिनिटाला १२०० फेरे, आणि साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. म्हणजे एक फेरा ५० मिलिसेकंदांचा. वाचणारा हात योग्य तबकडीवर पोचला की हवी ती जागा एका फेऱ्यात डोळ्यांखालून जाणारच. दोन-चार फेऱ्यांत दिसली नाही तर ती नाही. खोलीत उजेड होता म्हणा ना. पुढे १९८० मध्ये सीगेटने एसटी-५०६ ही सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली, तीही या अर्थाने 'भोळी'च होती. तिच्या हाताला पुढे-मागे सरकवणारे ठोकेसुद्धा बाहेरचा कंट्रोलर देत असे. त्या काळच्या अशा डिस्कवर एक कागद चिकटवलेला असायचा आणि त्यावर खराब जागांची यादी छापलेली असायची. डिस्क तयार करताना ती यादी माणसाने हाताने टाइप करायची. वस्तू आपले दोष अंगावर लिहून बाजारात येत होती! असा प्रामाणिकपणा पुढे राहिला नाही.

मोठ्या यंत्रांच्या जगात मात्र मौनाचा प्रश्न आधीच उभा राहिला होता. आयबीएमच्या मेनफ्रेम प्रणालीत एक भाग होता, त्याचं नावच 'मिसिंग इंटरप्ट हँडलर'. न आलेल्या निरोपाची दखल घेणारा. अभावालाही नोंदवहीत जागा देणारं हे नाव मला फार आवडतं.

खरी गुंतागुंत सुरू झाली ती सामायिक वाटेमुळे. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीत लॅरी बाउचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९च्या सुमारास एक जोडणी तयार केली. तिला कंपनीचंच नाव होतं. १९८६ मध्ये अमेरिकन प्रमाण म्हणून ती मान्य झाली, तेव्हा कंपनीचं नाव गळून 'स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस' झालं आणि आद्याक्षरांचा उच्चार 'स्कझी' रूढ झाला. त्याच वर्षी ॲपलने मॅकिंटॉश प्लसवर हे दार दिलं आणि स्कझी घराघरांतल्या टेबलांवर पोचली. एका केबलवर आठ उपकरणं, त्यातला एक स्वतः संगणक. डिस्क, टेप, स्कॅनर, सगळे एकाच ओळीत.

चाळीतला नळ आठवा. एक नळ, आठ बिऱ्हाडं. ज्याची कळशी खाली लागली आहे त्याने ती उचलली नाही, तर बाकीचे सात रिकाम्या भांड्यांनिशी उभे. स्कझीत 'बिझी' नावाची एक तार होती. ज्याच्याकडे वाट आहे तो ती तार खाली ओढून धरतो. कुणी एकाने ओढली तरी ती सगळ्यांसाठी ओढली जाते, आणि कोण ओढतो आहे हे नुसतं तारेकडे पाहून कळत नाही. शिवाय एकदा संगणकाने डिस्कला हाक मारली की पुढचा संवाद डिस्क चालवते. आता हुकूम दे, आता माहिती घे, आता निकाल ऐक, हे टप्पे तीच ठरवते. प्रत्येक घासाला ती 'रिक्वेस्ट'ची तार हलवते आणि समोरून 'ॲक्नॉलेज'ची तार हलेपर्यंत थांबते. किती वेळ? इथे गंमत आहे. हाकेला ओ देण्यासाठी प्रमाणग्रंथाने २५० मिलिसेकंदांची मर्यादा सुचवली होती. पण ओ दिल्यावर काम किती वेळात संपवायचं, यासाठी मर्यादा घालून दिली नव्हती. ते ज्याचं त्याने बघावं.

का, याचंही कारण आहे. टेप गुंडाळायला काही मिनिटं लागतात, डिस्क फॉरमॅट करायला तास लागू शकतो. प्रामाणिक कामाला किती वेळ लागेल हे बाहेरच्याला ठरवता येत नाही, म्हणून समितीने ठरवलं नाही. त्यात चूक काढता येणार नाही. पण उजेड विझला, हेही खरं.

आता ही साखळी अडकायची कशी? सगळ्यात बदनाम कारण म्हणजे टर्मिनेटर. तारेतून जाणारा विद्युत्-स्पंद टोकाला पोचला की, हौदातली लाट भिंतीवर आपटून परतते तसा परत येतो. तो शोषून घ्यायला केबलच्या दोन्ही टोकांना रोध बसवावे लागतात. दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच. जुन्या पद्धतीत प्रत्येक तारेला २२० आणि ३३० ओमची जोडी असे. रोध नसला, किंवा मधल्याच डिस्कवर राहून गेला, तर परतलेली लाट खऱ्या स्पंदात मिसळते आणि एक 'ॲक्नॉलेज' दोनदा ऐकू येते. मग डिस्क म्हणते ५१२ बाइट झाले, संगणक म्हणतो ५११. डिस्क निकाल सांगायला थांबली आहे, संगणक उरलेल्या एका बाइटसाठी थांबला आहे. दोघंही शुद्धीवर, दोघंही नियमाप्रमाणे वागणारे, आणि दोघंही अनंतकाळ थांबलेले. बिघाड कुठे आहे? दोघांतही नाही. तो टोकाला नसलेल्या एका रोधात आहे.

नैयायिक इथे हसले असते. त्यांचं जुनं उदाहरण आहे: जिथे धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण जिथे अग्नी तिथे धूर हे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे 'उपाधि', लपून बसलेली अट. दुरुस्ती करणारा सांगतो, 'ही नवी डिस्क लावली की मशीन हँग होतं, काढली की चालतं. डिस्क खराब.' अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही तपासले, मिल साहेबांनी १८४३च्या तर्कशास्त्रात सांगितलेली भेदपद्धतीही पाळली, तरी निष्कर्ष चुकला. कारण डिस्क काढली तेव्हा तिच्याबरोबर तिचा रोध गेला, केबलची लांबी कमी झाली, वीज ओढणारा एक मोटर गेला. एक गोष्ट बदलली असं वाटलं, बदलल्या चार. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची दोन प्रकरणं असलेली डिस्क 'गेली' म्हणून बाजूला ठेवली होती. दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या मशीनला लावली, आणि सगळं जागच्या जागी. पहिल्या तपासणीत तीच केबल आणि तेच मशीन कायम ठेवून फक्त डिस्का बदलल्या होत्या. हे फार होतं, कारण केबल कुणाला 'वस्तू' वाटतच नाही.

ही उपाधि कधी दिसेनाशी व्हायची, तर कधी उलटी वागायची. चुकीच्या ठिकाणी रोध असूनही साखळी महिनोन् महिने चालायची आणि उन्हाळ्यात अडायची. कधी केबल बदलून काहीच व्हायचं नाही, पण डिस्कांचा क्रम बदलला की चालायचं. इंजिनियर मंडळींत तेव्हा विनोद होता, की स्कझी साखळीला अधूनमधून बकऱ्याचा बळी द्यावा लागतो. विनोदच, पण त्यात ज्ञानमीमांसा आहे. कारण आणि परिणाम यांच्यामधली साखळी झाकली गेली, की शहाणीसुरती माणसंही विधी करू लागतात. मी स्वतः संगणकाला हळद-कुंकू लावलेलं दसऱ्याला पाहिलं आहे. ते वेगळ्या भावनेने, हे कबूल.

बरं, मौन आहे हे ठरवलं. पुढे काय? इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण 'सरळ सोडून का देत नाही' असं लोक विचारतात. युनिक्स घराण्याच्या प्रणालीत डिस्कची वाट पाहत अडकलेला प्रोग्रॅम अनेकदा मारताही येत नाही. हा हट्ट नाही. डिस्कला सांगितलेलं असतं, की माहिती मेमरीतल्या अमुक जागी आणून ठेव. आपण कंटाळून ती जागा दुसऱ्याला दिली आणि त्यानंतर डिस्क जागी झाली, तर ती जुन्या निरोपाप्रमाणे माहिती नेमकी त्या दुसऱ्याच्या घरात ओतून जाईल. उशिरा आलेलं उत्तर हे न आलेल्या उत्तरापेक्षा घातक असतं. म्हणून आधी हुकूम रीतसर रद्द झाला पाहिजे, आणि तो झाल्याची खात्री पाहिजे.

लिनक्समध्ये यासाठी पायऱ्या आहेत. डिस्कच्या वाचन-लेखनाला साधारण ३० सेकंदांची मुदत. ती टळली की तो एक हुकूम रद्द करून बघा. जमलं नाही तर ते उपकरण नव्याने सुरू करा. नाही तर सगळी वाट नव्याने सुरू करा. नाही तर कंट्रोलर. आणि तरीही गप्प, तर डिस्क 'ऑफलाइन', म्हणजे तिच्याशी बोलणंच बंद. साम-दाम-दंड-भेद म्हणा. तिसऱ्या पायरीवर मात्र न्यायाचा प्रश्न येतो. वाट नव्याने सुरू करणं म्हणजे त्या वाटेवरच्या सगळ्यांचं हातातलं काम पुसणं. एकाच्या मौनाची शिक्षा सातांना. शेजारी टेप असेल आणि तिच्यावर बॅकअप चालू असेल, तर ती या धक्क्याने गुंडाळून सुरुवातीला जाऊ शकते. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला हे कळलं नाही, तर तो पुढचा मजकूर आरंभीच्या मजकुरावर लिहीत सुटेल. जो बॅकअप आपत्तीत वाचवायचा, तोच शेजाऱ्याच्या आजारपणात गेला. लिनक्सचा टेप-ड्रायव्हर म्हणूनच असा धक्का बसल्यावर, टेप कुठे आहे हे स्पष्ट ठरेपर्यंत लिहू देत नाही.

स्वस्त संगणकांमध्ये दरम्यान आयडीई किंवा एटीए ही जोडणी आली. एका केबलवर दोनच डिस्का. पण 'बिझी'ची कल्पना तिथेही आली, फक्त तारेऐवजी स्थितीदर्शक बाइटमधला एक बिट म्हणून. तिच्याबद्दल फार बोलत नाही, एक गोष्ट तेवढी सांगतो. अल्ट्रा-डीएमए पद्धतीत केबलवरून जाणाऱ्या माहितीला सीआरसी ही पडताळणी जोडली गेली. त्यामुळे पहिल्यांदाच 'तबकडीवर खराब आहे' आणि 'वाटेत खराब झालं' हे दोन दोष वेगळे दिसू लागले. आजही डिस्कच्या स्मार्ट नोंदींत १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर आधी केबल बघावी, १९७ वाढत असेल तर पृष्ठभागाची काळजी करावी आणि पहिल्यांदा प्रत काढून घ्यावी. विंडोज एक्सपीने या चुका मोजून काय केलं, तर सहा चुका झाल्या की वेग एक पायरी उतरवायचा, असं करत अगदी तळाला. वापरणाऱ्याला काही न सांगता! मशीन हँग होत नसे, फक्त बैलगाडी होई, आणि लोक व्हायरस शोधत बसत.

२००३ पासून साटा आली आणि प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल मिळाली. चाळ संपली, फ्लॅट आले. शेजाऱ्याचा त्रास पुष्कळ कमी झाला. पण मघाचा मूळ प्रश्न अधिकच बिकट झाला होता, कारण डिस्क आता भोळी राहिली नव्हती. खराब जागा ती स्वतःच आत बदलते, वाचता आलं नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर बाहेर काही सांगत नाही. घरगुती डिस्क एका हट्टी जागेसाठी मिनिट-दोन मिनिटं झगडू शकते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे: माहितीची ही एकच प्रत आहे, वाचवली पाहिजे. पण तीच डिस्क चार डिस्कांच्या रेड संचात बसवली, तर कंट्रोलर काही सेकंदांत 'मेली' म्हणून तिला बाहेर काढतो. मग उरलेल्या डिस्का सलग वाचून संच पुन्हा बांधायला घेतात, त्या ताणात दुसरी एखादी जागा हट्ट करते, तीही 'मरते', आणि अख्खा संच कोसळतो. दोन्ही डिस्का जिवंत असतात. सर्व्हरसाठीच्या डिस्कांमध्ये म्हणून प्रयत्नांना साधारण ७ सेकंदांची मर्यादा घातलेली असते: वाचता येत नसेल तर लवकर 'नाही' म्हण, दुसऱ्याकडे प्रत आहे. म्हणजे 'एव्हाना'ची रेघ वस्तूवरून ठरत नाही, ती कुणाच्या संगतीत आहे त्यावरून ठरते.

मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं, की निरोपांना वेळेची हमीच नसेल आणि एखादा जरी मरण्याची शक्यता असेल, तर सगळ्यांचं एकमत खात्रीने घडवून आणणारी ठरावीक पद्धत असू शकत नाही. मुळाशी अडचण हीच, की संथ आणि मृत यांत बाहेरून फरक करता येत नाही.

आणि कधी कधी मौन खरोखर कायमचं असतं, तरी मृत्यू नसतो. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ या डिस्कांचं प्रकरण जानेवारी २००९ मध्ये गाजलं. काल रात्री व्यवस्थित बंद केलेली डिस्क सकाळी सुरू केल्यावर 'बिझी' म्हणे आणि त्यापुढे काहीच नाही. संगणकाला ती दिसतही नसे. तबकड्या शाबूत, हात शाबूत, माहिती जशीच्या तशी. बिघाड आतल्या फर्मवेअरमध्ये होता: घटनांची जी नोंदवही डिस्क स्वतःसाठी ठेवते, तिचा मोजणीचा आकडा ३२० सारख्या एका विशिष्ट जागी असताना वीज गेली आणि पुन्हा आली, की सुरुवातीलाच ती अडके. रोजनिशी लिहिता लिहिता भूल पडावी तसं. कंपनीने दोष मान्य केला, सुधारित फर्मवेअर दिलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीने काही डिस्का आणखीच बंद पाडल्या, म्हणून ती मागे घेऊन पुन्हा द्यावी लागली. पण ज्यांची डिस्क आधीच गप्प झाली होती, तिला नवं फर्मवेअर ऐकवणार कसं?

उत्साही लोकांनी वाट काढली. डिस्कच्या मागे कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेलं एक छोटं सिरियल दार असतं. साध्या कन्व्हर्टरने त्याला संगणक जोडता येतो. पण डिस्क अडकलेलीच, तिथूनही ती ऐकेना. तेव्हा लोकांनी सर्किट बोर्डाचे स्क्रू ढिले केले आणि बोर्ड व डिस्कच्या संपर्कबिंदूंमध्ये कागदाची पट्टी सरकवली. बोर्डाला आपलं शरीरच सापडेना, म्हणून तो नोंदवही वाचायला गेलाच नाही आणि बोलता झाला. मग थांबण्याचा हुकूम, पट्टी हळूच बाहेर, स्क्रू घट्ट, तबकड्या फिरवण्याचा हुकूम, नोंद साफ. पुष्कळांच्या डिस्का अशा परत आल्या. ज्यांनी 'उडाली' म्हणून आधीच टाकून दिल्या, त्यांच्या अर्थात नाही.

तबकड्या नसलेल्या एसएसडीने हा रोग संपवला नाही. क्रुशियलच्या एम४ या मालिकेतल्या डिस्का ५१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालल्या की गप्प होऊ लागत. संगणक पुन्हा सुरू केला की चालत, आणि तासाभराने पुन्हा गप्प. २०१२ मध्ये फर्मवेअर बदलून ते सुटलं. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हर-डिस्कांबद्दल इशारा दिला, की ३२,७६८ तास भरताच त्या निकामी होतील आणि माहितीही परत मिळणार नाही. आकडा बघा, दोनचा पंधरावा घात. तास मोजणारं भांडंच लहान पडलं होतं. एका सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्का बहुधा एकाच दिवशी सुरू केलेल्या असतात. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी त्या सगळ्या जवळजवळ एकाच वेळी जाणार, आणि रेड संचाचा काही उपयोग नाही.

आजच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई डिस्क काम नसलं की वीज वाचवायला स्वतःहून झोपते. काही मॉडेल काही मशीनमध्ये गाढ झोपेतून उठतच नाहीत. लिनक्सच्या कोडमध्ये अशांची नावानिशी यादी आहे, कुणाला किती खोल झोपू द्यायचं याची. नवं मॉडेल सापडलं की यादीत एक ओळ वाढते. हाक मारून वाट पाहण्याची नेहमीची मुदत तिथेही अजून ३० सेकंदच आहे.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.